नवीन पार्ट बसवला आणि पीसी क्रॅश होतोय? दोष शोधायची पूर्ण पद्धत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि तेव्हापासून कोल्हापुरात माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतोय. "जुन्या पीसीत एसएसडी टाकली, आता निळी स्क्रीन येते." "रॅम वाढवली, पण क्रोम उघडलं की बंद पडतो." "ग्राफिक्स कार्ड बसवलं, गेम सुरू केला की पीसी रिस्टार्ट." नवीन कॉम्प्युटर घेण्यापेक्षा जुन्यातच दोन-तीन हजार घालून काम भागवायचं, हा विचार चांगलाच आहे. अडचण पार्ट बसवल्यानंतर सुरू होते, कारण बिघाड कशात आहे हे न कळताच लोक पुढचा पार्ट विकत घेतात.

या लेखात मी ती शोधायची पद्धत क्रमाने देतोय. बहुतेक पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही. एक स्क्रू ड्रायव्हर, एक पेन ड्राइव्ह आणि हातातला मोबाईल एवढं पुरेसं आहे.

सगळ्यात आधी: डेटा वाचवा

क्रॅश होणारा पीसी वारंवार चालू-बंद करत बसलं की फाइल खराब होण्याची शक्यता वाढते. म्हणून पीसी थोडा वेळ जरी नीट चालत असेल, तर पहिलं काम म्हणजे प्रोजेक्ट, फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर कॉपी करणं. पीसी चालूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या पीसीला जोडूनही कॉपी करता येते.

इथे एक अडकवणारी गोष्ट आहे, बिटलॉकर. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. मदरबोर्ड बदलला, काही वेळा बायोस अपडेट केलं, तरी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये, डिव्हाइसेसच्या पानावर सेव्ह असते. मोबाईलवरून लॉगिन करून ती आधीच लिहून ठेवा. की नसेल तर दुकानदार, कंपनी किंवा कुणीही तो डेटा काढून देऊ शकत नाही.

क्रॅश कधी होतो ते बघा

"पीसी क्रॅश होतोय" एवढ्याने काहीच कळत नाही. कोणत्या क्षणी होतो, त्यावरून अर्धं निदान होतं.

१. फॅन फिरतात पण स्क्रीनवर काहीच नाही: रॅम नीट बसलेली नाही, मॉनिटरची केबल चुकीच्या जागी आहे, प्रोसेसरला पॉवर देणारी वेगळी केबल राहिली आहे, किंवा नवीन प्रोसेसर जुन्या बायोसला ओळखू येत नाही.

२. विंडोजचा लोगो येतो आणि पुन्हा रिस्टार्ट: ड्राइव्ह, बायोसमधलं स्टोरेजचं सेटिंग किंवा ड्रायव्हर.

३. डेस्कटॉपवर काही न करताही अधूनमधून निळी स्क्रीन, दरवेळी वेगळा कोड: बहुतेक वेळा रॅम.

४. गेम किंवा व्हिडिओ रेंडर सुरू केल्यावरच: पॉवर सप्लाय, तापमान किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर.

५. निळी स्क्रीन न येता लाईट गेल्यासारखा खट्कन बंद: एसएमपीएस, प्रोसेसरचा कूलर किंवा घरातलं वायरिंग.

निळी स्क्रीन दोन-तीन सेकंदांत निघून जात असेल तर मोबाईलवर व्हिडिओ सुरू ठेवून पीसी चालवा. मग व्हिडिओ थांबवून कोड निवांत वाचता येतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ही स्क्रीन निळीऐवजी काळी झाली आहे, त्यामुळे काळ्या स्क्रीनवर अक्षरं दिसली तर तीही वाचा.

नेहमी दिसणारे कोड असे:

मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया: आधी रॅम तपासा.
आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल: ड्रायव्हर किंवा रॅम.
इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस: विंडोजला स्वतःचा ड्राइव्हच सापडत नाहीये.
व्हिडिओ टीडीआर फेल्युअर: ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड.
डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर: हार्डवेअरने स्वतःच तक्रार केली आहे. प्रोसेसर, व्होल्टेज, तापमान किंवा ओव्हरक्लॉकिंग बघा.

कोड म्हणजे निकाल नव्हे, दिशा दाखवणारी पाटी आहे. विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन रिलायबिलिटी असं शोधलंत की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. त्यात तारखेप्रमाणे लाल खुणा असतात. पार्ट बसवला त्या तारखेच्या आधीपासूनच खुणा असतील, तर नवीन पार्टवर आळ घेण्यात अर्थ नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ अशी नोंद दिसली की बरेच जण लगेच नवीन एसएमपीएस आणतात. त्या नोंदीचा अर्थ फक्त "पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला" एवढाच असतो. भिंतीवरचं बटण दाबलं तरी तीच नोंद येते.

पायरी १: जुना पार्ट परत बसवा

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. नवीन पार्ट काढा, जुना बसवा, एक-दोन दिवस नेहमीसारखं वापरा. क्रॅश थांबले तर दोष नवीन पार्टमध्ये, त्याच्या सेटिंगमध्ये किंवा त्याला लागणाऱ्या पॉवरमध्ये आहे. थांबले नाहीत तर पार्ट बदलताना दुसरं काहीतरी हललंय किंवा दोष आधीपासूनचा आहे.

पुढच्या सगळ्या तपासणीचा नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम, ड्रायव्हर आणि बायोस एकाच रात्री बदललं आणि पीसी सुरू झाला, तर नेमकं कशामुळे झाला ते कधीच कळत नाही. दरवेळी काय बदललं आणि काय झालं, हे मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली तर हीच नोंद कामाला येते.

पायरी २: उघडा, नीट बसवा, केबल बघा

पीसी शटडाउन करा, मागचं एसएमपीएसचं बटण बंद करा, वायर काढा आणि पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मगच पार्टला हात लावा. काहीही काढण्याआधी आतल्या सगळ्या केबलचे मोबाईलवर चार-पाच फोटो काढा.

आता बघा:

रॅम दोन्ही बाजूंनी लॉकमध्ये बसली आहे का. अर्धी बसलेली रॅम दिसायला पूर्ण बसल्यासारखीच दिसते.

ग्राफिक्स कार्ड स्लॉटमध्ये सरळ आहे का, की वजनाने एका बाजूला वाकलंय.

प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनची केबल आणि मदरबोर्डची २४ पिनची केबल शेवटपर्यंत आत गेली आहे का.

कूलर काढला होता का. काढला असेल तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन लावावी लागते. नवीन कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिक असेल तर ते काढलंय ना, हेही बघा.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो. बरेच दिवस बंद असलेल्या पीसीत रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणाऱ्या कापडाने ती पुसावी. दुकानात खोडरबर फिरवतात, त्यानेही काम होतं, पण जोर लावू नका आणि खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. थंड हवेतून आणलेला पार्ट किंवा पावसात भिजलेल्या बॉक्समधला पार्ट लगेच न लावता काही तास खोलीत कोरडा होऊ द्या.

एसएमपीएस मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट शिल्लक असू शकतो.

पायरी ३: पार्टनुसार तपासणी

रॅम

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल बंद करा. बॉक्सवर ३२०० किंवा ६००० लिहिलेलं असलं तरी तो वेग बऱ्याचदा या प्रोफाइलमुळे मिळतो. ते तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच आहे आणि प्रत्येक मदरबोर्ड-प्रोसेसरला ते झेपेलच असं नाही.

मग विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. जास्त खात्री हवी असेल तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर सोडा. एकसुद्धा एरर आली तर ती रॅम नापास, इथे ३५ टक्क्यांवर पास होत नाही. पण एरर आली म्हणून लगेच स्टिक फेकू नका. आधी एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये तपासा. मग जी स्टिक पास झाली ती दुसऱ्या स्लॉटमध्ये तपासा. एरर स्टिकसोबत फिरली तर स्टिक खराब. एरर एकाच स्लॉटला चिकटून राहिली तर स्लॉट किंवा मदरबोर्ड बघा. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. मॅन्युअलमध्ये ते चित्रासह दिलेलं असतं.

डीडीआर५ बाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. नवीन रॅम लावल्यावर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो. काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. घाबरून मध्येच बंद करू नका.

एसएसडी आणि हार्ड डिस्क

जुन्या ड्राइव्हवरचं विंडोज नवीन एसएसडीवर क्लोन केल्यावर इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस आलं, तर आधी जुना ड्राइव्ह काढून फक्त नवीन ठेवून बघा. नंतर बायोसमध्ये स्टोरेज मोड तपासा. विंडोज एएचसीआय मोडमध्ये इन्स्टॉल केलेलं असेल आणि बायोस रीसेट होऊन रेड किंवा व्हीएमडी मोड लागला असेल, तर ड्राइव्ह दिसूनही विंडोज सुरू होत नाही. जुनं इन्स्टॉलेशन लेगसी बूटचं असेल तर बायोसमधला सीएसएम पर्यायही बघावा लागतो.

एम.२ स्लॉट दिसायला एकच असला तरी त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार चालतात. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. दुसरी हार्ड डिस्क अचानक गायब झाली तर हे कारण असू शकतं.

ग्राफिक्स कार्ड

मॉनिटरची केबल कार्डला लावा, मदरबोर्डला नाही. जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवीन टाका. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे टूल सेफ मोडमध्ये चालवतात.

आता पॉवरचा हिशेब. स्लॉटमधून कार्डला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५ आणि ८ पिनच्या केबलमधून १५०. गेममध्ये सीन बदलताना कार्ड क्षणभर सरासरीपेक्षा बरंच जास्त ओढतं आणि कमकुवत एसएमपीएस तेव्हाच मान टाकतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेलं असतं, पण लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अ‍ॅम्पिअर दिले आहेत ते वाचा. त्याला १२ ने गुणलं की खरे वॅट कळतात. १८ अ‍ॅम्पिअर असेल तर हिशेब २१६ वॅटवर येतो.

मॉड्युलर एसएमपीएस बदलला असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नवीनला लावू नका. पिन बसतात, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एका सेकंदात हार्ड डिस्क जळू शकते.

प्रोसेसर आणि कूलर

आपल्याकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते. प्रोसेसरचंही तसंच आहे. मॉडेलनुसार साधारण ९० ते १०० अंशांना तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे इशारा पातळी. त्यावरही तापमान चढत राहिलं तर जीव वाचवण्यासाठी पीसी सरळ बंद करतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत टूलमध्ये आकडा बघा. काहीच काम सुरू नसताना ७०-८० अंश दिसत असतील तर कूलर नीट बसलेला नाही.

नवीन प्रोसेसर असेल तर मदरबोर्ड कंपनीच्या यादीत त्याला कोणतं बायोस लागतं ते तपासा. उदाहरणार्थ, जुन्या बी४५० बोर्डवर रायझन ५००० मालिका चालवायला बायोस अपडेट लागतं. अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसशिवाय आणि क्रॅश होत असलेल्या अवस्थेत ते करू नका.

पायरी ४: हार्डवेअर की सॉफ्टवेअर, हे वेगळं करा

शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट केलं की सेफ मोडचा पर्याय मिळतो. सेफ मोडमध्ये पीसी तासभर ठीक चालला तर संशय ड्रायव्हरवर. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे उबुंटू पेन ड्राइव्हवर टाकून इन्स्टॉल न करता चालवणं. तिथे तुमचं विंडोज नाही, तुमचे ड्रायव्हर नाहीत. तरीही पीसी क्रॅश झाला तर दोष हार्डवेअरमध्येच आहे असं जवळपास धरून चाला. फॉरमॅट मारायच्या आधी ही परीक्षा घ्या, निम्म्या वेळा फॉरमॅट करायची गरजच उरत नाही.

नवीन मदरबोर्डवर इंटरनेटच चालत नसेल तर अँड्रॉइड मोबाईल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. विंडोज तो मोबाईल नेटवर्क म्हणून बहुतेक वेळा लगेच ओळखतं आणि लॅन-वायफायचे ड्रायव्हर उतरवता येतात.

एक खरी केस

कागलच्या माझ्या एका मित्राचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आठ दिवसांवर होता. त्याने २६६६ च्या ८ जीबी रॅमसोबत ३२०० ची ८ जीबी लावली आणि पीसी दिवसातून पाच-सहा वेळा निळा पडायला लागला. एका दुकानात "मदरबोर्ड गेलाय, बदलूया" असं सांगितलं. आम्ही आधी प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर घेतला. मग एकेक स्टिक तपासली. जुनी पास, नवीन पास. दोन्ही एकत्र लावल्यावर पहिल्याच फेरीत एरर. बायोसमध्ये एक्सएमपी चालू होतं, म्हणजे जुन्या स्टिकलाही ३२०० ने पळवत होतं. ते बंद केल्यावर दोन्ही २६६६ वर आल्या आणि चारही फेऱ्या स्वच्छ पार पडल्या. खर्च शून्य, मदरबोर्ड आजही तोच.

कोड एकीकडे, दोष दुसरीकडे

निदान किती फसवं असू शकतं याचं जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर. काही गेममध्ये "व्हिडिओ मेमरी संपली" असा मेसेज यायचा, त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डवर संशय घ्यायचे. दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या जादा व्होल्टेजमध्ये निघाला. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड अपडेट दिले आणि बाधित मॉडेलच्या बॉक्स प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवून ५ वर्षं केली. अपडेट पुढची झीज थांबवतं, आधीच खराब झालेला प्रोसेसर दुरुस्त करत नाही. तुमच्याकडे यातला प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट आहे का ते बघा आणि क्रॅश सुरूच असतील तर वॉरंटी मागा.

घरातली लाईटही तपासा

पीसी दुकानात नीट चालतो आणि घरी बंद पडतो, असं असेल तर वायरिंगकडे बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलेलं आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. पीसी, मिक्सर आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नको. लाईट गेल्यावर यूपीएस असूनही पीसी बंद होत असेल तर यूपीएसची बॅटरी आणि क्षमता तपासा.

तारीख-वेळ दरवेळी मागे जात असेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो साधा ३ व्होल्टचा सेल आहे, पण संपल्यावर बायोसची सेटिंग पुसली जातात आणि वरची स्टोरेज मोडची अडचण त्यातूनच येऊ शकते.

पार्ट खराबच निघाला तर

पक्कं जीएसटी बिल, त्यावर सिरीयल नंबर आणि बॉक्स जपून ठेवा. मेमटेस्टच्या एररचा फोटो आणि क्रॅशचा व्हिडिओ दुकानदाराला दाखवा. ऑनलाइन घेतलं असेल तर बदलून देण्याची मुदत थोडे दिवसच असते, म्हणून तपासणी पहिल्या आठवड्यातच उरका. बिल असूनही दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपलाही हेच लागू आहे का? हो, फक्त उघडल्यावर आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच जोडलेली असते, ती बदलता येत नाही.

शटडाउन करून पुन्हा चालू केलं तरी फरक पडत नाही, का? विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन पूर्ण होत नाही. ड्रायव्हर बदलल्यावर रिस्टार्टच करा.

मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा विकत घ्यावं लागेल का? रिटेल लायसन्स असेल आणि ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर नवीन बोर्डवर बहुतेक वेळा पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट होतं. पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं.

दुकानात कधी न्यावं? जळका वास, फुगलेले कपॅसिटर, प्रोसेसर सॉकेटच्या वाकलेल्या पिना किंवा सुट्टा तपासायला दुसरा पार्टच नसेल तेव्हा. जाताना तुमची नोंद सोबत न्या आणि "काय काय तपासलं" हे आधी सांगा. तपासणीचे किती आणि पार्टचे किती, हे पीसी देण्याआधी विचारा. बदललेला जुना पार्ट परत मागायला लाजू नका, तो तुमचाच आहे.